ऑनलाइन ओळख, पहिली प्रत्यक्ष भेट: तयारीपासून परतीपर्यंत

वर्षभर ज्याच्याशी रोज रात्री पुस्तकांवर, पक्ष्यांवर नाहीतर जुन्या गाण्यांवर बोलणं चाललंय, त्याला अजून एकदाही पाहिलेलं नाही. आणि आता दोघांनाही वाटतंय की भेटायला हवं. या टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशा ओळखीतून मिळालेल्या माणसांना मी गेली बरीच वर्षं भेटत आले आहे. काहींशी आता घरोबा आहे, काहींची पहिली भेट तीच शेवटची ठरली.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे, मिसळपाव २००७ पासून. एकमेकांना फक्त आयडीने, म्हणजे तिथल्या टोपणनावाने, ओळखणारी मराठी माणसं हॉटेलात टेबलं जोडून बसायला लागली त्याला एक पिढी उलटली. कुणी त्याला कट्टा म्हणतं, कुणी गटग (गेट-टुगेदर). तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला नेमकं कुणाला विचारावं ते कळत नाही. घरी विचारावं तर आधी उलटतपासणी सुरू होते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. समोरचा माणूस कसा आहे हे त्याच्या गोड बोलण्यावरून ओळखू नका; तुमच्या ‘नको’ला तो काय उत्तर देतो त्यावरून ओळखा. म्हणून खाली सांगितलेली खबरदारी गुपचूप घेऊ नका, त्याला सांगून घ्या. ‘मी बहिणीला तुमचा नंबर देऊन येणार आहे’ या वाक्यावर चांगला माणूस ‘बरं झालं, मीही घरी सांगून येतो’ म्हणतो. ज्याला त्यात अपमान वाटतो, त्याला भेटायची घाई करू नका.

१. आधी आवाज, मग चेहरा, मग भेट

लिहून बोलण्याची सवय झाली की फोन करायला संकोच वाटतो. तरी भेट ठरवण्याआधी किमान एकदा फोनवर बोला आणि एकदा व्हिडिओ कॉल करा. दहा मिनिटं पुरतात. फोटोत पंचविशीतला दिसणारा माणूस खरंच पंचविशीतला आहे का, तो म्हणतो त्या शहरात राहतो का, मागून घरातल्या माणसांचा आवाज येतो का, एवढं सहज समजतं.

कॅमेरा बिघडलाय, नेटवर्क नाही, आत्ता ऑफिसात आहे, हे एकदा चालेल. दर वेळी तेच कारण असेल तर एकट्याने भेटायला जाऊ नका. काही जण, विशेषतः बायका, टोपणनावाने लिहितात आणि चेहरा दाखवत नाहीत. त्यामागे बहुतेकदा चांगलं कारण असतं आणि त्याचा मान ठेवायला हवा. अशा वेळी माझा नियम सरळ आहे: कट्ट्यावर भेटायचं असेल तर आवाजावर भागतं, दोघांनीच भेटायचं असेल तर चेहरा पाहिल्याशिवाय नाही.

प्रोफाइलचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. दुसऱ्या कुणाचा उचललेला असेल तर पुष्कळदा तिथेच कळतं. पण सगळ्यात भरवशाची चौकशी म्हणजे ‘याला प्रत्यक्ष भेटलेलं कुणी आहे का?’ सामाईक ओळखीतल्या एखाद्याने ‘हो, मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे येऊन गेला’ असं सांगितलं तर ते शंभर फोटोंपेक्षा मोलाचं. चौकशी मात्र इथेच थांबवा. त्याचं घर शोधणं, बायकोचं प्रोफाइल उघडून बघणं, ऑफिसात ओळख काढणं हे तुमच्याशी कुणी केलं तर तुम्हाला आवडणार नाही.

भेटीआधी पैशाचा विषय निघाला तर भेट रद्द करा. तिकिटाला थोडे कमी पडतायत, आई अचानक आजारी पडली, तुझ्यासाठी पाठवलेलं पार्सल विमानतळावर कस्टमने अडवलंय आणि शुल्क भरल्याशिवाय सोडत नाहीत, अशी कारणं वेगवेगळी असली तरी ती एकाच जातीची आहेत. यूपीआयबद्दल एवढं ध्यानात ठेवा की पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेलेच. फसलात तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

वय १८ च्या आत असेल तर ही भेट एकट्याने करायची नाहीच. आई, बाबा, मोठी बहीण, कुणीतरी सोबत हवं. समोरचा ‘घरी सांगू नकोस’ म्हणत असेल तर तेच घरी सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे.

२. जमलं तर आधी कट्ट्यावर जा

दोघांनीच भेटण्याआधी एखाद्या गटात भेटता आलं तर सोन्याहून पिवळं. दहाबारा जण असले की बोलण्याचा भार एकावर येत नाही, गप्प बसलं तरी खपून जातं, आणि ज्याच्याशी जास्त बोलायचं आहे तो इतरांशी कसा वागतो हेही दिसतं. पोऱ्याला हाक कशी मारतो, कुणाचं बोलणं मध्येच तोडतो का, बायका बोलत असताना ऐकतो का.

कट्टा नसेल तर आयती गर्दीची निमित्तं शोधा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो, मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव असतो. साहित्य संमेलनात तर पुस्तकांच्या गाळ्यांपुढे अशा ओळखी होताना मी कितीदा पाहिल्यात. दोघांनाही तिथे एरवीही जायचंच असतं, त्यामुळे भेट जमली नाही तरी दिवस फुकट जात नाही.

३. जागा नीट निवडा

पहिली भेट बिघडते ती बहुतेकदा जागेमुळे, म्हणून इथे जरा थांबून विचार करा.

जागा सार्वजनिक हवी, आजूबाजूला माणसं हवीत, तासभर बसता यायला हवं आणि हवं तेव्हा उठून जाता यायला हवं. यातली शेवटची अट लोक विसरतात. सिंहगड, एखादा ट्रेक, कासची सहल, मित्राचं फार्महाऊस, त्याच्या गाडीतून लोणावळा, हे सगळं पहिल्या भेटीला नको. अर्ध्या वाटेवर ‘मी निघते’ म्हणायची सोय तिथे नसते, फोनला रेंज असेलच असंही नाही. सिनेमाही नको, कारण तीन तास शेजारी बसून एक वाक्य बोलणं होत नाही. घर तर नकोच, त्याचंही नको आणि तुमचंही नको.

नावाजलेल्या हॉटेलांचं एक बघा. रविवारी सकाळी पुण्यात वैशालीत जायचं ठरवलंत तर बाहेर नंबर लावून उभं राहावं लागतं, आणि आत गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकांच्या नजरा पाठीवर असतात. तिथे निवांत गप्पा होत नाहीत. तीच जागा आडवारी दुपारी चार वाजता चांगली. बागेत भेटायचं ठरवत असाल तर वेळ बघून घ्या, पुण्यात महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात. मुंबईत राणीच्या बागेला बुधवारी सुट्टी असते. बंद फाटकापुढे उभं राहून ‘आता कुठे जायचं?’ असा प्रश्न पडला की ज्याची गाडी असते तो म्हणतो ‘चल, बस’, आणि ठरवलेलं सगळं तिथेच मोडतं. म्हणून दुसरी जागा आधीच ठरवून ठेवा, आणि ती पहिल्या जागेपासून चालत जाण्याइतकी जवळ असू द्या.

पत्ता सांगताना स्टेशनचं नुसतं नाव पुरत नाही. ‘दादरला भेटू’ म्हणजे कुठे? पूर्वेला की पश्चिमेला, पुलावर की खाली? डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक दिलेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. त्याआधी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून जुनेच नंबर असतात. त्यापेक्षा स्टेशनातून बाहेर पडा आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटा. तो कट्टा मैदानाला पूर्ण वळसा घालतो, म्हणून ‘मीनाताई ठाकरेंच्या पुतळ्यासमोर’ असं नेमकं सांगा.

पुण्यात शिवाजीनगर एसटी स्टँडचा घोळ नेहमीचा. तो २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला. बाहेरगावचा माणूस वाकडेवाडीला उतरतो आणि तुम्ही शिवाजीनगर रेल्वे स्टेशनसमोर उभे असता. नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या गाड्या वाकडेवाडीला, सातारा-कोल्हापूर-सोलापूरच्या स्वारगेटला, हे पाहुण्याला आधी सांगा. नाशिकचं उलट आहे, तिथे नाशिक रोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब, आणि शहरात सीबीएस, ठक्कर बाजार, महामार्ग असे वेगवेगळे स्टँड.

पुण्यात मला स्वतःला मेट्रोचं स्टेशन सगळ्यात सोयीचं वाटतं. छत्रपती संभाजी उद्यान किंवा डेक्कन जिमखाना स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ भेटायचं. तिथे सुरक्षारक्षक असतात, कॅमेरे असतात, पावसात आडोसा असतो. तिथून बालगंधर्व, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता सगळं चालत जाण्यासारखं आहे.

आणि जागेत हाताला, डोळ्याला काहीतरी काम असू द्या. जुन्या मराठी पुस्तकांवर पानंच्या पानं लिहिणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा ते चहाच्या कपाकडे बघत बसले होते. मी काही विचारलं की ‘हो’, ‘नाही’, ‘बरोबर’, एवढंच. बशीतला चहा रुमालाने टिपायचे, पुन्हा कपाकडे बघायचे. शेवटी आम्ही उठून अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात गेलो. कपाटापुढे उभे राहिल्यावर त्यांनी एक पुस्तक अर्धं बाहेर ओढलं, बांधणीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे बघा, ही नवी आवृत्ती, यातून दोन प्रकरणं गाळलीत.” तिथून पुढे तासभर तेच बोलत होते. लिहिण्यात मोकळी असणारी पुष्कळ माणसं समोरासमोर बसली की आक्रसतात. शेजारी उभं राहून दोघांनी एकाच गोष्टीकडे बघणं त्यांना सोपं जातं. पुस्तकाचं दुकान, चित्रांचं प्रदर्शन, भाजी मंडईसुद्धा चालेल.

४. वेळ आखडती ठेवा, परतीची वाट स्वतःची ठेवा

दीड तास पुरेसा आहे. आधीच सांगून टाका, ‘मला साडेपाचला निघायचं आहे.’ भेट रंगली तर मर्यादा वाढवता येते, पण मोकळी सोडलेली भेट आवरती घेणं फार जड जातं. दिवसाउजेडी भेटा. सकाळी अकरा किंवा दुपारी चार या वेळा चांगल्या, कारण जेवणाचा आग्रह टळतो.

जाण्यायेण्याची सोय स्वतःची हवी. ‘मी स्टेशनवरून घेतो तुला’ याला पहिल्या भेटीत ‘नको, मी येते’ एवढंच उत्तर. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे परगावहून येतानाही खर्चासाठी कुणाच्या गाडीवर अवलंबून राहायची गरज नाही. परतीचं तिकीट निघण्याआधी काढून ठेवा. मुंबईहून संध्याकाळच्या डेक्कन क्वीनचं आरक्षण आहे म्हटलं की निघायची वेळ आपोआप ठरते, कुणी आग्रह करत नाही.

ओला-उबर करणार असाल तर घरासमोरून बसू नका आणि घरासमोर उतरू नका, विशेषतः समोरचा माणूस बुकिंगचा पडदा बघत उभा असेल तेव्हा. कोपऱ्यावरचं दुकान, सोसायटीबाहेरचा चौक असा पत्ता टाका.

परगावी जाऊन मुक्काम करायचा असेल तर लॉजवर किंवा सख्ख्या ओळखीच्यांकडे करा, ज्याला भेटायला गेलात त्याच्याकडे नको. ‘अगं, घर असताना लॉज कशाला?’ हा आग्रह आपल्याकडे मनापासूनच होतो, त्यात वावगं काही नसतं. तरी ‘या खेपेला नको, पुढच्या वेळी नक्की’ असं सांगता यायला हवं. लॉजवर ओळखपत्र मागतात, तिथे मास्क केलेल्या आधारची प्रत द्यावी. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

५. घरच्या एकाला सगळं सांगून जा

सगळ्या घराला सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सगळं माहीत हवं. आईला सांगणं अवघड असेल तर मावसबहिणीला सांगा, रूममेटला सांगा, ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगा. मी पाठवते तो निरोप साधारण असा असतो:

“आज ४ वाजता अमुक यांना भेटतेय. त्यांचा नंबर आणि फोटो सोबत पाठवलाय. जागा: डेक्कन जिमखाना मेट्रो, तिथून फर्ग्युसन रस्त्यावर चहा. साडेपाचला निघणार. जागा बदलली तर कळवीन. सहापर्यंत माझा फोन आला नाही तर तू कर. उचलला नाही तर पुन्हा कर, आणि मग त्यांना कर.”

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास ठेवता येतं. एक तास पुरत नाही, आठ तासांचं ठेवा आणि घरी आल्यावर बंद करा. फोनची बॅटरी संपली की तेही संपतं, म्हणून निरोपात जागा लिहिलेली हवीच.

एक सांकेतिक वाक्यही ठरवून ठेवा, रोजच्या बोलण्यातलं. ‘गॅसवाला येऊन गेला का?’ असं तुम्ही विचारलंत की पलीकडच्याने पाच मिनिटांत फोन करून घरी बोलावून घ्यायचं. वापरायची वेळ क्वचित येते, पण ते आहे या भरवशावर माणूस मोकळेपणाने बोलतो.

६. चार गोष्टी आधीच बोलून घ्या

*हाक कशी मारायची.* ऑनलाइन आपण सगळ्यांना अरे-तुरे करतो. समोर साठीचे, धोतर नेसलेले गृहस्थ आले की ‘तू’ घशात अडकतं आणि ‘तुम्ही’ म्हटलं तर वर्षभराची सलगी तुटल्यासारखी वाटते. आदल्या दिवशी विचारून टाका, ‘भेटल्यावर काका म्हणू की नेहमीसारखं?’ आयडीने हाक मारायची की खऱ्या नावाने, हेही विचारा. चारचौघांत कुणाचा आयडी मोठ्याने पुकारला तर त्याच्या शेजारच्या टेबलावर ऑफिसातला माणूस बसलेला असू शकतो.

*खाणं.* शाकाहारी आहे का, चहा घेतात का, त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आहे का. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणाऱ्या माणसापुढे मिसळ ठेवून बसणं दोघांनाही अवघड जातं.

*बिल.* आपापलं द्यायचं, असं आधीच ठरवा. आणि पहिल्या भेटीत शक्यतो रोख द्या. यूपीआयने पैसे पाठवले की समोरच्याला तुमचं बँकेतलं पूर्ण नाव दिसतं, आणि यूपीआय आयडीत मोबाइल नंबर असेल तर तोही. टोपणनावाने वावरणाऱ्यांची ओळख पुष्कळदा अशा चहाच्या बिलात उघडी पडते.

*फोटो.* काढायचा का, काढला तर कुठे टाकायचा. ‘फक्त आपल्या दोघांपुरता’ असं ठरलं तर स्टेटसलाही ठेवायचा नाही.

भेटवस्तू न्यायची झाली तर हातात मावेल एवढी न्या. कंदी पेढे, चिक्की, चिवडा, एखादं वाचून झालेलं पुस्तक. साडी, घड्याळ, महागडा पेन यांनी समोरच्यावर ओझं येतं.

निघताना जवळ काय हवं

- ओळखपत्र. आरक्षित गाडीने प्रवास असेल तर ते लागतंच
- पूर्ण चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक
- दोन-तीन नंबर कागदावर लिहिलेले, फोन बंद पडला तर उपयोगी
- रिक्षा आणि चहापुरते सुटे पैसे, शिवाय घरी परत येता येईल एवढी रोख
- परतीचं तिकीट
- रोजची औषधं, पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्री
- ११२ हा आणीबाणीचा नंबर, १८१ महिलांसाठी, १३९ रेल्वेत. हे तिन्ही फोनमध्ये नावानिशी साठवलेले

परदेशातून सुट्टीवर आलेल्या मित्राला भेटत असाल तर त्याचा इथला नंबर आदल्या दिवशी मागून घ्या. त्याचा तिकडचा फोन इथे पुष्कळदा वायफायशिवाय चालत नाही, आणि रस्त्यात उभं राहून तो तुम्हाला शोधू शकत नाही.

७. पहिली पंधरा मिनिटं

ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा आणि जरा लांब उभे राहा. ओळखीची खूण ठरलेली असू द्या, निळी छत्री, पिवळी ओढणी, हातात अमुक पुस्तक. माणूस दिसला की लगेच फोन लावा. ज्याचा फोन वाजला तोच तो.

पहिली पंधरा मिनिटं अवघड जाणार, हे गृहीतच धरा. आवाज वेगळा असतो, उंची वेगळी असते, लिहिण्यात खुसखुशीत असलेला माणूस बोलताना अडखळतो. दोघांच्याही डोक्यात दोन-दोन माणसं असतात, एक वर्षभर वाचलेला आणि एक आत्ता समोर उभा असलेला, आणि त्या दोघांची सांधेजोड व्हायला वेळ लागतो. या वेळात मत बनवू नका. प्रवास कसा झाला, गाडीला गर्दी होती का, चहा की कॉफी, असल्या साध्या बोलण्याने सुरुवात करा. सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, जो ऑनलाइन रात्री एक वाजता निघाला होता, तो स्वतःहून काढू नका. अंधारात लिहिलेली गोष्ट उजेडात समोर बसून ऐकायची तयारी प्रत्येकाची नसते. त्याने काढला तर ऐका.

पर्स, फोन, पिशवी टेबलावर सोडून उठू नका. पेलाही अर्धा ठेवून गेलात तर परत आल्यावर नवीन मागवा. यात समोरच्यावर संशय नाही, प्रवासात आपण हे कुणाच्याही बाबतीत करतोच.

८. खटकलं तर

बोलताना कुणी तुमचा हात धरला आणि तुम्ही सोडवून घेतला तरी पुन्हा धरला. ‘निघते’ म्हटल्यावर ‘एवढ्यात? मी एवढ्या लांबून आलो’ असं म्हणाला. ठरलेली जागा सोडून ‘जवळच एक मस्त जागा आहे’ असा तीनदा आग्रह केला. अशा वेळी कारणं देत बसू नका. कारण दिलं की त्यावर उपाय सुचवला जातो. ‘मला आता निघायचं आहे’ हे वाक्य पूर्ण आहे. उठा, आपलं बिल काउंटरवर द्या, माणसं असतील त्या दिशेने चालू लागा. मागे येत असेल तर दुकानात शिरा आणि ११२ लावा.

काही सापळे ठरलेले आहेत. मुंबई-दिल्लीत पोलिसांपर्यंत गेलेला एक प्रकार असा: डेटिंग ॲपवरची ओळख, जागा तिनेच किंवा त्यानेच सुचवलेली, ठरावीक क्लब किंवा कॅफे, मेनूकार्डावर किमती धड नाहीत, समोरची व्यक्ती भराभर मागवत सुटते, मग फोन आला म्हणून निघून जाते आणि हजारो रुपयांचं बिल तुमच्या हातात पडतं. दाराशी दोन दांडगे उभे असतात. यातून वाचायचा उपाय जागेपासूनच सुरू होतो: जागा तुम्ही सुचवा. ती कुठल्याच परिस्थितीत मान्य होत नसेल तर जाऊ नका.

दुसरा सापळा समलिंगी मित्रमैत्रिणींना जास्त बसतो. भेटायला बोलवायचं, खोलीत आणखी दोघं-तिघं घुसायची, व्हिडिओ काढायचा आणि ‘घरी सांगू, पोलिसांत देऊ’ म्हणून पैसे उकळायचे. सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला स्पष्ट केलं आहे. गुन्हा धमकावून पैसे उकळणाऱ्याचा आहे. एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते, म्हणून देऊ नका. संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, विश्वासातल्या एकाला लगेच सांगा. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. एकट्याने जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.

हे वाचून घाबरू नका. मी भेटलेल्यांपैकी बहुतेक माणसं साधी, थोडी लाजरी आणि आपल्याइतकीच धास्तावलेली होती. आणि पुरुष वाचकांना एक विनंती: समोर बाई असेल तर यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हीच आधी सुचवा. ‘जागा तुम्ही ठरवा, घरी नंबर देऊन या, मी मेट्रोपर्यंतच येईन.’ त्या तीन वाक्यांनी तिच्या मनावरचा किती ताण उतरतो, त्याची तुम्हाला कल्पना नाही.

९. घरी आल्यावर

पहिला फोन ज्याला सांगून गेलात त्याला. मग त्याच संध्याकाळी समोरच्याला दोन ओळी लिहा. भेट छान झाली असेल तर तसं लिहा. फारशी जमली नसेल तरी ‘पोचले, वेळ काढलात, बरं वाटलं’ एवढं लिहावंच, कारण तो माणूसही फोनकडे बघत असतो.

काही वेळा ऑनलाइन घट्ट असलेली मैत्री प्रत्यक्षात पातळ वाटते. तसं झालं तर ती लगेच मोडू नका. काही माणसांशी पत्रातूनच जमतं. पुन्हा लिहिणं सुरू करा, पूर्वीइतकंच. उलट पहिल्याच भेटीत फार जवळीक वाटली तर आठवडाभर मोठे निर्णय घेऊ नका, उधार-उसनवार नको, नोकरी-धंद्याची भागीदारी नको, लग्नाचं बोलणं तर नकोच.

भेटीचा वृत्तान्त लिहायचा असेल तर आधी मजकूर त्याला दाखवा. त्याचं खरं नाव, गाव, नोकरी, घरची परिस्थिती जे काही तुम्हाला समोर बसून कळलं, ते त्याने तुम्हाला सांगितलं आहे, गटाला सांगितलेलं नाही. तिसऱ्याने ‘कसा आहे रे तो?’ विचारलं तर ‘चांगला आहे, तूही भेट’ इथपर्यंतच बोला.

दुसरी भेट ठरवताना जागा आणि वेळ पहिल्यासारखीच सार्वजनिक ठेवा, फक्त दीड तासाचे तीन तास करा. घरी बोलवायचं असेल तर घरातलं आणखी कुणीतरी असेल अशा दिवशी बोलवा, आणि त्यालाही सांगा की येताना बायकोला, भावाला, मुलीला, ज्याला आणावंसं वाटेल त्याला घेऊन या.